ब्रेकमधून निसटणारी ऊर्जा : हायब्रीड मोटारीत कपॅसिटरची जागा

मोटारीत घातलेल्या पेट्रोलचा हिशेब मांडायचा झाला, तर सुरुवात इंजिनापासून न करता ब्रेकपासून करावी, असे मला वाटते. इंजिन तापते, आवाज करते, धूर सोडते. त्यामुळे जे काही वाया जाते ते तिथेच जात असणार, अशी आपली समजूत असते. ब्रेक मात्र निमूटपणे आपले काम करतो. वेगात असलेली मोटार तो थांबवतो आणि त्या वेगात साठलेली सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देतो. ती ऊर्जा मिळवण्यासाठी थोड्या वेळापूर्वीच पेट्रोल जळालेले असते.

ही ऊर्जा किती असते? प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने चालली आहे असे धरू. शाळेत शिकलेले सूत्र आठवले तर वस्तुमानाचे निम्मे गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे १३५ किलोज्यूल. विजेच्या बिलाच्या भाषेत ३७.५ वॅट-तास, एका युनिटचा सुमारे सत्ताविसावा भाग. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि शहरातल्या रखडत्या वाहतुकीत तिचा जेमतेम पाचवा भाग चाकांपर्यंत पोचतो असे धरले, तर एकदा पूर्ण थांबण्याची किंमत सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल इतकी होते. चहाचे चार चमचे. दिवसाकाठी असे पन्नास वेळा थांबावे लागले, तर एक लिटर.

या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीच मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल तर ऊर्जा ६० किलोज्यूल, आणि ताशी १८ असेल तर अवघी १५ किलोज्यूल. त्यामुळे मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या कोंडीत ब्रेकमधून फारसे काही परत मिळण्याजोगे नसते. तिथे इंजिन बंद ठेवण्यानेच बचत होते. खरी ऊर्जा निसटते ती जरा वेग घ्यावा आणि पुढच्या सिग्नलला थांबावे, अशा रस्त्यांवर. आपल्या शहरांतले बरेचसे मोठे रस्ते याच जातीचे आहेत.

हायब्रीड मोटारीची कल्पना या निसटत्या ऊर्जेभोवती फिरते. गेल्या काही वर्षांत ओळखीची माणसे मला ‘हायब्रीड घ्यावी का?’ असे विचारू लागली आहेत. मी विद्युत यंत्रे शिकवीत आलो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याचे लक्ष बहुधा बॅटरी केवढी आहे याकडे असते. माझे म्हणणे असे, की हायब्रीडमध्ये साठा किती मोठा, यापेक्षा तो किती वेगाने आणि किती वेळा भरता-उपसता येतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हा प्रश्न नीट विचारला की बॅटरीच्या शेजारी एक जुने, दुर्लक्षित पात्र येऊन उभे राहते. ते म्हणजे कपॅसिटर.

मोटर : दोन्ही बाजूंनी चालणारे यंत्र

आधी मोटरीविषयी. पेट्रोल इंजिनाचा स्वभाव असा, की ते शून्य वेगापासून काम करू शकत नाही. ते आधी फिरत ठेवावे लागते, मग क्लच आणि गिअर यांच्या मदतीने त्याचा जोर चाकांकडे न्यावा लागतो. कमी वेगात आणि कमी भारात ते सर्वांत उधळे असते. विद्युत मोटर याच्या उलट वागते. उभ्या जागेवरून ती पूर्ण जोर लावते. म्हणून या दोघांचा संसार मांडण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने १९०० च्या आसपास व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी चाकांच्या तुंब्यातच मोटरी बसवलेली गाडी केली आणि पुढे तिला वीज पुरवण्यासाठी पेट्रोल इंजिनाची जोड दिली. पेट्रोल स्वस्त झाले, इंजिने सुधारली आणि ही वाट बुजली. ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा उघडली डिसेंबर १९९७ मध्ये, टोयोटाची प्रिअस जपानच्या बाजारात आली तेव्हा.

मोटरीचा आणखी एक गुण इथे कामी येतो. तिला वीज दिली की ती फिरते आणि तिला बाहेरून फिरवले की ती वीज देते. मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन नावे आहेत. ऊर्जा कोणत्या दिशेने वाहते आहे, एवढाच फरक. चालकाने ब्रेकवर पाय ठेवला की हायब्रीडमधली मोटर जनित्र होते. चाके तिला फिरवतात, ती वीज निर्माण करते आणि ती निर्माण करताना चाकांना विरोध करते. हा विरोध म्हणजेच ब्रेक. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. मुंबई-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाले, त्या वेळी घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेल्या आणि पुढे ‘खेकडा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनांमध्ये ही सोय होती. भोर घाटाचा चढ ३७ ला १ असा खडा. तो उतरणारी गाडी आपला वेग आवरताना वरच्या तारेत वीज सोडी आणि ती वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. रेल्वेला साठवणीचा प्रश्न पडला नाही, कारण तारेच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक तयार होते. रस्त्यावरच्या मोटारीला तार नाही. तिने मिळालेली वीज अर्धा-एक मिनिट स्वतःजवळच ठेवायला हवी, सिग्नल हिरवा होईपर्यंत. कपॅसिटरचा प्रश्न इथून सुरू होतो.

सहा सेकंदांचा पूर

आपली १,२०० किलोची मोटार सहा सेकंदांत थांबते असे धरू. १३५ किलोज्यूल भागिले सहा, म्हणजे सरासरी २२.५ किलोवॅट. घरातला दीड टनी एसी साधारण दीड किलोवॅट घेतो. म्हणजे असे पंधरा एसी एकदम चालू करावेत एवढी शक्ती. ऊर्जा थोडी, पण येते ती एकदम. पावसाळ्यात पागोळ्यांखाली अरुंद तोंडाची घागर ठेवली तर तिच्यात जागा भरपूर असूनही निम्मे पाणी बाहेर उडते. तिथे घंगाळच लागते. बॅटरी ही घागर आहे. तिच्यात प्रत्येक वेळी रासायनिक क्रिया व्हावी लागते, आयनांना पदार्थाच्या आत शिरून जागा घ्यावी लागते, आणि या कामाला वेळ लागतो. जबरदस्तीने वेग वाढवला तर बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते.

यावर मोटार बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा आहे : तोंड अरुंद असेल तर घागरच मोठी घ्यायची. प्रिअसच्या २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ घट होते. एकूण सुमारे १.३ किलोवॅट-तास. एकदा थांबताना मिळणाऱ्या ऊर्जेच्या ही जवळजवळ पस्तीस पट. एवढा साठा असूनही २२.५ किलोवॅटचा लोंढा तिच्यावर पडला, तर तो तिला साडेतीन मिनिटांत काठोकाठ भरून टाकण्याच्या वेगाचा असतो. म्हणून ही बॅटरी पूर्ण भरत नाहीत आणि पूर्ण उपसतही नाहीत; मधल्या पट्ट्यातच खेळवतात. थोडक्यात, गाडी जे वजन वाहते त्यातले बरेचसे ऊर्जा साठवण्यासाठी नसून ती पुरेशा वेगाने घेता यावी यासाठी असते.

पंख्याच्या कंडेन्सरपासून सुपरकपॅसिटरपर्यंत

कपॅसिटर आपल्या ओळखीचा आहे, फक्त दुसऱ्या नावाने. पंखा हळू फिरू लागला की वायरमन ‘कंडेन्सर गेलाय’ म्हणतो, तोच हा. पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हणतात. त्याचा पूर्वज म्हणजे लायडन बरणी : १७४५-४६ मध्ये क्लाइस्ट आणि मुशेनब्रुक यांनी स्वतंत्रपणे शोधलेली, आतबाहेर विद्युत वाहक असलेली काचेची बाटली. गंमत अशी, की ‘बॅटरी’ हा शब्द विजेच्या संदर्भात प्रथम वापरला तो बेंजामिन फ्रँकलिनने, आणि तोही एकत्र जोडलेल्या लायडन बरण्यांसाठी. तोफांच्या रांगेला असलेले नाव त्याने बरण्यांच्या रांगेला दिले. म्हणजे पहिली ‘बॅटरी’ कपॅसिटरचीच होती.

कपॅसिटरमध्ये रासायनिक बदल होत नाही. दोन पत्र्यांवर विरुद्ध विद्युतभार जमतो आणि मागितला की निघून जातो. म्हणून तो क्षणात भरतो, क्षणात रिकामा होतो आणि झिजत जवळजवळ नाही. त्याची अडचण एकच : त्यात मावते फार थोडे. पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवले किंवा त्यांतले अंतर कमी केले तरच त्याची धारकता वाढते. एक चौरस मीटरचे दोन पत्रे एक मिलिमीटर अंतरावर ठेवले, तर हवेत त्यांची धारकता एका फॅरडच्या सुमारे अकरा कोटीव्या भागाइतकी भरते.

या कोंडीतून वाट काढणारे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५३ मध्येच सांगितले होते. विद्युतभारित पृष्ठभाग क्षारद्रवात बुडवला, की द्रवातले विरुद्ध भाराचे आयन त्याला चिकटून उभे राहतात. पृष्ठभाग आणि आयन यांतले अंतर नॅनोमीटरच्या आसपासचे. जणू निसर्गाने केलेला अतिशय पातळ कपॅसिटर. अंतराचा प्रश्न असा सुटला. क्षेत्रफळाचा प्रश्न सोडवला सच्छिद्र कोळशाने. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरने १९५७ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळवले, ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत ती १९६० च्या दशकात पुढे गेली आणि १९७० च्या दशकात जपानच्या एनईसीने परवाना घेऊन ती ‘सुपरकपॅसिटर’ या नावाने बाजारात आणली.

या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला हजार-दीड हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या भाषेत चिमूटभर कोळशात दहा-पंधरा गुंठे जमीन. यातला उत्तम कोळसा बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून करतात, हे कोकणातल्या वाचकाला वाचायला आवडेल. बॅटरीला लिथियम आणि कधी कोबाल्ट लागते. कपॅसिटरला मुख्यतः कोळसा, अॅल्युमिनियमची पन्नी आणि क्षारद्रव.

आज सर्रास मिळणारा मोठा सुपरकपॅसिटर घट ३,००० फॅरडचा असतो. पंख्याचा कंडेन्सर असतो २.५ मायक्रोफॅरडचा, म्हणजे धारकता १२० कोटी पट. मात्र तो जेमतेम २.७ व्होल्ट सहन करतो. त्यात मावणारी ऊर्जा सुमारे ११ किलोज्यूल आणि वजन अर्धा किलो. किलोमागे ६ वॅट-तास. चांगली लिथियम-आयन बॅटरी किलोमागे १०० ते २५० वॅट-तास देते. तुलना इथेच थांबवली तर कपॅसिटर स्पर्धेतून बाद होतो, आणि बहुतेक जण ती इथेच थांबवतात.

अठरा घटांचा हिशेब

आपण थोडे पुढे जाऊ. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून त्याचा व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत उपसला, की तीन चतुर्थांश ऊर्जा हाती लागते. खालचा चौथा हिस्सा सोडून देणेच शहाणपणाचे. असे १८ घट एका रांगेत जोडले तर सुमारे ४८ व्होल्ट होतात आणि वापरता येण्याजोगी ऊर्जा भरते जवळजवळ १४८ किलोज्यूल. आपल्याला हवे होते १३५. म्हणजे नऊ-दहा किलो वजनाच्या घटांमध्ये एका सिग्नलची पूर्ण ऊर्जा मावते, तीही सहा सेकंदांत. एवढीच ऊर्जा साठवणारी साधी लिथियम बॅटरी अर्ध्या किलोहून कमी वजनाची होईल. पण सहा सेकंदांत भरायला गेलो तर तिची राख होईल.

इथे अभियंत्याला दुसरी अडचण भेटते. ४८ व्होल्टवर २२.५ किलोवॅट म्हणजे सुमारे ४७० अँपिअर. कपॅसिटर निम्म्या व्होल्टेजवर असताना तीच शक्ती घ्यायची तर ९४० अँपिअर. एवढा प्रवाह पेलायला मनगटाएवढ्या तारा आणि महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. बॅटरीचा व्होल्टेज बराचसा स्थिर असतो, कपॅसिटरचा मात्र रिकामा होताना सतत उतरत जातो; तो सावरण्यासाठी मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो. त्यामुळे ४८ व्होल्टच्या मोटारीत मोटर लहान ठेवतात, ब्रेकमधला काही भाग ती घेते आणि उरलेला जुन्या पद्धतीने तापून जातो. चाकापासून मोटर, मोटरीपासून साठा आणि पुन्हा उलट, या प्रत्येक टप्प्यावर कर भरावा लागतो. आरंभीच्या १३५ किलोज्यूलपैकी निम्मे परत चाकाला मिळाले, तरी मी ते उत्तम मानेन.

कपॅसिटरची दुसरी मर्यादा घाटात उघडी पडते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटार ढोबळमानाने ५०० मीटर खाली येते; त्यात सुमारे १.६ किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. आपला अठरा घटांचा कपॅसिटर पहिल्या तेरा मीटरच्या उतारातच भरून जाईल. पुढचा सगळा घाट ब्रेकच्याच माथी. शिवाय एवढ्या साठ्यावर नुसत्या मोटरीने गाडी चालवायची म्हटले, तर फार तर चार-पाचशे मीटर जाता येईल. बाजारात ‘विजेवर इतके किलोमीटर’ हीच भाषा चालते आणि त्या भाषेत कपॅसिटरला बोलताच येत नाही.

तरीही त्याला काम मिळाले ते त्याच्या स्वभावाला साजेशा जागी. माझ्दाने २०१२ मध्ये एका मोटारीत कपॅसिटर बसवला, पण त्याला चाकांना हात लावू दिला नाही : वेग कमी होताना मिळालेली वीज दिवे, एसी आणि इतर उपकरणांना पुरवायची आणि इंजिनावरचा जनित्राचा भार हलका करायचा, एवढेच त्याचे काम. टोयोटाने सहनशक्तीच्या शर्यतींसाठी केलेल्या मोटारींत तो वापरला आणि २०१४ चे जागतिक अजिंक्यपद मिळवले. शर्यतीत दर वळणाला जोरात ब्रेक आणि लगेच जोरात वेग. कपॅसिटरसाठी याहून चांगला आखाडा नाही. पण २०१६ च्या मोटारीत टोयोटानेच लिथियम-आयन बॅटरीकडे मोर्चा वळवला. मधल्या काळात घागरीचे तोंड रुंद झाले होते. भारतात २०१५ नंतर आलेल्या सौम्य हायब्रीड मोटारी आणि २०२२ पासूनच्या पूर्ण हायब्रीड मोटारी बॅटरीच्याच वाटेने गेल्या आहेत, आणि खाजगी मोटारीपुरते ते मला योग्यच वाटते.

बस : विसरलेले उत्तर

मग कपॅसिटर संपला का? माझ्या मते आपण त्याला चुकीच्या दारात उभे केले. खाजगी मोटार दिवसातून दीड-दोन तास चालते आणि पन्नास-साठ वेळा थांबते. शहरातली बस सकाळपासून रात्रीपर्यंत चालते आणि दर थांब्यावर थांबते.

प्रवाशांसह १५ टनांची बस ताशी ३६ किलोमीटर वेगावरून थांबली, की ७५० किलोज्यूल मोकळे होतात. ते झेलायला ३,००० फॅरडचे ९० ते ९२ घट पुरतात. त्यांचे वजन ४६ किलोच्या आसपास, म्हणजे एका प्रवाशाहून कमी. पेटी, तारा आणि यंत्रणा धरली तरी दोघा-तिघा प्रवाशांएवढे. ते रांगेत जोडले तर सुमारे २४५ व्होल्ट होतात, त्यामुळे ४८ व्होल्टवर भेडसावणारा प्रवाहाचा प्रश्नही आवाक्यात येतो. बस दिवसाला २०० किलोमीटर चालते आणि दर अर्ध्या किलोमीटरला थांबते असे धरले तर ४०० थांबे झाले. रोजचे ३०० मेगाज्यूल. डिझेलच्या भाषेत हे सुमारे २४ लिटरचे काम. निम्मे परत मिळाले तर एका बसमागे रोज १२ लिटर. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, रस्ता आणि चालक बदलला की आकडा बदलेल. पण त्याची पातळी चमच्यांची नसून डब्यांची आहे.

यापेक्षा मोठा मुद्दा आवर्तनांचा. दिवसाला ४०० वेळा भरणे-उपसणे म्हणजे वर्षाला ३०० दिवस धरून १ लाख २० हजार आवर्तने. लिथियम बॅटरी पूर्ण आवर्तने काही हजार सोसते. तिला उथळ वापरावे तर पुन्हा मोठी घागर आली. सुपरकपॅसिटर दहा लाखांच्या घरात आवर्तने काढतो. म्हणजे बसचे आठ वर्षांचे आयुष्य. शांघायमध्ये २००६ पासून कपॅसिटरवर चालणाऱ्या बस थांब्याथांब्यावर काही वेळ वीज घेत धावल्या, त्यामागे हेच गणित होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आता पूर्ण विद्युत बस आल्या आहेत. त्यांची बॅटरी इतकी मोठी असते की ७५० किलोज्यूल तिला कळतही नाहीत. हे खरे आहे आणि तिथे कपॅसिटरचे काम उरत नाही. पण पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सीएनजीवर चालणाऱ्या बसही आहेत. त्या दर थांब्यावर आपली ऊर्जा ब्रेकमध्ये जाळतात. चालत्या वाहनाला मोटरीची जोड देण्याची कल्पना पुण्यात नवी नाही. केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या साथीने २०१० मध्ये मोटारींसाठी ‘रेव्होलो’ ही अशी जोडणी मांडली होती. ती मोटारींत रुजली नाही. कारण उघड आहे : रोज दीड-दोन तास चालणाऱ्या मोटारीच्या मालकाला जो खर्च वसूल होत नाही, तो दिवसभर धावणाऱ्या बसला होऊ शकतो.

म्हणून ‘हायब्रीड घ्यावी का?’ असे विचारणाऱ्याला मी तीन प्रश्न सुचवतो. तुमची गाडी दिवसात किती वेळा वेग घेऊन थांबते? मोटर ब्रेक लावताना किती किलोवॅट घेऊ शकते? आणि साठा ते किती वेगाने, किती वर्षे झेलू शकतो? महामार्गावर जाणाऱ्याला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर पुरेसे असते. आणि हेच तीन प्रश्न नगरपालिकांनी आपल्या बसविषयी विचारले, तर हायब्रीडवर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा कुठल्या वाहनाला मिळायला हवा, याचे उत्तर त्यांना वर मांडलेल्या बेरजांमध्ये सापडेल.